पेणची बत्तीसखिडकी

चंद्रावतीबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. अर्ज, दाखले, करारनामे, बदलीच्या विनंत्या, एकदा तर एका मास्तरांचं सबंध नाटक. स्वतःच्या मनातलं असं एक पानही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी पेणच्या वाचनालयातून फोन आला आणि पलीकडच्या मुलीनं आपलं काम सांगितलं, तेव्हा त्यांना आधी हसूच आलं.

"बाई, मी सुरभी कडू. वाचनालयात ग्रंथपाल आहे. आम्ही जुन्या बाजारपेठेचं प्रदर्शन भरवतोय. बत्तीसखिडकीबद्दल तुम्ही एक पान लिहून द्याल का?"

"मी? अगं, मी टायपिंग शिकवायची. लिहिणारी माणसं वेगळी."

"पण बाई, एकतीस वर्षं तुम्ही त्या इमारतीत होतात. तुमच्याएवढं तिला कोणी बघितलंय?"

हे मात्र खरं होतं. म्हणून त्या हो म्हणाल्या.

त्या रोह्याला लागून असलेल्या वरश्यात राहायच्या. नवरा कंपनीतून निवृत्त होऊन चार वर्षांपूर्वी गेला. मुलगा हितेश त्याच कंपनीत शिफ्टला जायचा, आणि सून दिपिका घरातच शिकवण्या घ्यायची. एके काळी चंद्रावतीबाई रोज सकाळची एसटी धरून नागोठण्यावरून पेणला जायच्या. आठची बॅच चुकू नये म्हणून साडेपाचला चूल पेटायची. ती धावपळ संपूनही आता एक तप झालं होतं.

बत्तीसखिडकी म्हणजे पेणच्या भर बाजारातली दुमजली इमारत. खाली दुकानं, वर कचेऱ्या. मुळातलं नाव काहीतरी 'मिठाराम भवन' असं होतं म्हणे, पण ते फक्त नगरपालिकेच्या कागदावर. गावाच्या तोंडी ती बत्तीसखिडकीच. सकाळी दहाच्या सुमाराला वरच्या कचेऱ्यांच्या खिडक्या एकामागून एक उघडायच्या, आणि खालचा पोहेवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बघा, बत्तिशी हसली." त्यात पहिल्या मजल्यावर एक दातांचा डॉक्टरही होता, त्यामुळे गावाला विनोदाची कधी टंचाई पडली नाही. दोन हजार तेरा साली ती पाडली. वरच्या मजल्याचे वासे वाकले होते, वारसदार मुंबईला होते, भाडेकरूंनी जागा सोडल्या आणि चार आठवड्यांत तिथं मोकळं मैदान झालं. आता त्या जागी काचेच्या दर्शनी भागाचं तीन मजली शॉपिंग सेंटर उभं होतं.

चंद्रावतीबाई त्या पाडकामाला गेल्या नव्हत्या. तो सबंध महिना त्यांनी कोलाडला बहिणीकडे काढला. पुढेही पेणला जाणं झालं तर त्या भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीनं जायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तिकडून सावली असते."

फोन आला त्या दुपारी त्यांनी हितेशचा लॅपटॉप मागून घेतला. दिपिकानं कीबोर्डवर मराठी लावून दिलं आणि ती बाजूला उभी राहिली, सासूबाईंना अक्षरं शोधायला मदत लागेल म्हणून. चंद्रावतीबाईंनी पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत टाइप करायला सुरुवात केली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या.

"आई!" दिपिका म्हणाली, "तुम्ही खाली बघतच नाही!"

"खाली बघितलं की छडी बसायची आमच्या वेळी," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ते पान सुरभीला गेलं. तासाभरात तिचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं होतं.

"बाई, एक सांगू का? रागवू नका. तुम्ही सुरुवात 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' अशी केलीय."

"मग कशी करायची?"

"आणि शेवटी 'आपली विश्वासू' आहे."

 चंद्रावतीबाईंनाही हसू फुटलं. "अगं, बोटांना तेवढंच येतं."

"तुम्ही पेणला या. आपण बोलू. मला जी माहिती मिळालीय ती सगळी उलटसुलट आहे. एक जण म्हणतो इमारत इंग्रजानं बांधली, एक म्हणतो गुजराथी व्यापाऱ्यानं. फोटो एकच सापडलाय, तोही विसर्जनाच्या मिरवणुकीचा. अर्धी इमारत गणपतीनं झाकलीय."

मंगळवारी चंद्रावतीबाई पेणला उतरल्या. सुरभी स्टँडवर घ्यायला आली होती. तिशीची, चष्मा लावलेली, खांद्याला मोठी झोळी. पहिल्यांदा कोणाला भेटायचं हे चंद्रावतीबाईंनी ठरवूनच ठेवलं होतं. बत्तीसखिडकीत तळमजल्यावर दिनानाथ शिंप्याचं दुकान होतं. ऐंशी ओलांडली तरी तो हयात होता, मुलाच्या दुकानात बसून काजं करत होता.

दुकानाचा पत्ता विचारल्यावर कळलं की ते नव्या शॉपिंग सेंटरच्या अगदी समोर आहे. सुरभी सरळ रस्त्याला लागली. चंद्रावतीबाई दोन पावलं मागे रेंगाळल्या.

"इकडून सावली नाही," त्या म्हणाल्या.

"पाच मिनिटांचा तर रस्ता बाई."

मग त्या गेल्या. काचेच्या इमारतीपाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. आपला वर्ग जिथं होता तिथं आता चष्म्याचं दुकान होतं. एक मुलगी काचेपलीकडे आरशात बघून चष्मा लावून पाहत होती. जिथं कधीकाळी पेणच्या निम्म्या कारकुनांनी बोटं दुखवून घेतली, तिथं ती शांतपणे मान इकडून तिकडे करत होती. चंद्रावतीबाई बघत राहिल्या. छातीत काहीतरी तुटेल असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. ऊन लागत होतं, एवढंच.

दिनानाथनं त्यांना लगेच ओळखलं.

"या बाई! तुमच्या टकटकीशिवाय मला झोप येईना झाली होती. दुपारची डुलकी काढायला तुमचा चारचा वर्ग लागायचा मला."

त्यानं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. सुरभीनं विचारलं, इमारत कोणी बांधली? दिनानाथनं सुई दाताखालून काढून गादीत खोचली.

"धर्माशेठनं. ते इंग्रज-बिंग्रज सगळी थाप. आमच्या बापानं त्याला बघितलेला. शेठ म्हणजे जन्माचा शेठ नव्हे. आई मिठागरात राबायची, हाही तिथंच. मग स्वतःचा मचवा केला, अंतोऱ्याच्या बंदरातून मीठ मुंबईला न्यायला लागला. पैसा आला तेव्हा बाजारात ही माडी बांधायला काढली."

चंद्रावतीबाई पुढे वाकल्या. त्या स्वतः मिठागरातल्या घरच्या. एकतीस वर्षं त्या जिना चढल्या-उतरल्या, पण तो जिना मिठानं बांधलेला होता हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि बत्तीस खिडक्या कशाला?" सुरभीनं विचारलं.

"त्याची आई. म्हातारीच्या तोंडात एक दात राहिला नव्हता. लेकानं विचारलं, आये, घर कसं बांधू? ती म्हणाली, माझ्या तोंडात एक नाय ऱ्हायला, तुझ्या घराला तरी बत्तीस असूदेत." दिनानाथ हसला. त्याचेही पाच-सहाच उरले होते. "आता खरं-खोटं देव जाणे. पण बत्तीस नव्हत्याच."

"म्हणजे?"

"एकतीस. तळमजल्यावर मागच्या बाजूला जिन्याची भिंत मधे आली, तिथं खिडकी बसेना. म्हातारीला वचन दिलेलं. मग शेठनं एक चितारी आणला आणि गिलाव्यावर खिडकी रंगवून घेतली. अर्धवट उघडी दारं, कडी, कोयंडा, सगळं. मी बावीस वर्षांचा असताना नोकरीला लागलो तिथं. मे महिना, घामानं जीव गेलेला. म्हटलं मागची खिडकी जरा सताड उघडू. कडीला हात घातला तर नखं भिंतीवर घासली. मालक आणि गडी पोट धरधरून हसले. नव्या माणसाला सगळे तिथंच पाठवायचे."

चंद्रावतीबाईही हसल्या, पण मनात चपापल्या. इतकी वर्षं तिथं असून त्या कधी मागच्या बाजूला गेल्या नव्हत्या. सुरभी भराभर लिहून घेत होती.

"त्या खिडक्यांचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं. "सागवान होतं ना?"

"पाडणाऱ्या ठेकेदारानं विकलं. ज्याला जे लागेल ते. कौलं वाशीकडं गेली, खांब कोलाडच्या एका हॉटेलवाल्यानं नेले. खिडक्या गावोगाव. एक गागोदं बुद्रुकच्या केरूनं नेली, हे मला पक्कं ठाऊक. कारण त्याची बायको इथं अर्धा दिवस भांडत होती ठेकेदाराशी. म्हणे हीच पाहिजे, दुसरी नको. लोकं तमाशा बघायला जमली होती."

चंद्रावतीबाई आणि सुरभी एकमेकींकडे बघायला लागल्या.

गागोद्याला त्या गुरुवारी गेल्या, सुरभीच्या स्कुटीवर. मागच्या सीटवर बसून चंद्रावतीबाईंनी एका हातानं पदर धरला होता आणि दुसऱ्यानं सुरभीचा खांदा. भात काढून झालेल्या शेतांत वाल हिरवेगार उभे होते, फुलांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. केरूचं घर विचारायला त्रास पडला नाही. एक माणूस अंगणात बसून वालाच्या शेंगा निवडत होता. तोच केरू.

"हौसा!" त्यानं आत हाक दिली. "पेणवरनं पावणी आल्यात गो!"

आतून पन्नाशीची बाई हात पुसत बाहेर आली. चंद्रावतीबाईंना बघून ती उंबऱ्यावरच थांबली. मग पुढे होऊन एकदम वाकून पाया पडली.

"बाई! तुम्ही माझ्या घरात!"

चंद्रावतीबाईंना ती ओळखू येईना. एकतीस वर्षांत हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्या ओशाळून हसल्या.

"मी हौसा. एक्क्याण्णवची आठची बॅच. तीन नंबरचं मशीन. तुम्हाला कशी ध्यानात राहीन? या, आत या."

घर साधं, सारवलेलं, पण पुढच्या खोलीच्या भिंतीत एक खिडकी अशी बसवलेली की आत शिरल्याबरोबर नजर तिच्यावरच जावी. उंच, दोन पाखांची म्हणजे दोन दारांची, खाली नक्षीचे लाकडी गज. चंद्रावतीबाईंना ओळखायला क्षण लागला नाही. ही त्यांच्या वर्गातली. बाजाराच्या अंगाची, डावीकडून तिसरी. समोरून उन्हाची तिरीप यायची म्हणून त्या दुपारी तिच्यावर पडदा ओढून घ्यायच्या.

"घर बांधत व्हतो तवा," केरू सांगू लागला, "कळलं की बत्तीसखिडकी पाडतायत, लाकूड मिळतंय. मी म्हटलं कुठली पन एक आनू. तर ही हट्टाला पेटली. ठेकेदार म्हनतो ही दुसऱ्यानं सांगून ठेवल्ये. ही खाली ढिगाऱ्यावर बसून राहिली. म्हनते, ती नाय दिली तर उठत नाय."

"एवढं काय होतं हिच्यात?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

हौसानं खिडकीची डावी पाख ओढून घेतली. पाख उघडी असली की जो भाग तिच्या आड जायचा, त्या चौकटीच्या खाचेत काहीतरी कोरलेलं होतं. चंद्रावतीबाईंनी चष्मा लावला.

कर्कटकाच्या टोकानं कोरलेली नावं होती. नावापुढे आकडे. सुशील ३१. रंभा २८. भरत ३३, त्यापुढं उद्गारचिन्ह. काही एकावर एक, काही खोडलेली. वरपासून खालपर्यंत, हातभर लांब. ज्याला त्याला आपला वेग लिहून ठेवायचा होता. दर मिनिटाला किती शब्द. पाखेच्या आड असल्यामुळे बाईंना कधी दिसू नये अशी सगळ्यांनी काळजी घेतली होती.

"ही कार्टी!" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "मी रोज बजावायची, लाकडाला टोक लावायचं नाही."

"म्हनून तर आत," हौसा म्हणाली.

सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. त्यात आकडा नव्हता. 'बाई आज हसल्या. १२ ऑगस्ट.'

सुरभी मोठ्यानं वाचून खो खो हसली. चंद्रावतीबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. कुठलं साल, कशाला हसल्या, काही आठवेना. त्या वर्गात कडकच होत्या. त्यांना तसंच शिकवलेलं. अठराव्या वर्षी त्या मिठागरातून उठून, वरच्या खिडकीतून येणारी टकटक ऐकत, तो जिना चढल्या होत्या. तेव्हाच्या सबनीस सरांनी त्यांचे हात पुढे करायला लावले. मिठानं तळवे चिरलेले, बोटांना भेगा. वर्गातल्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. सर म्हणाले, "मिठात राहून गंजली नाहीत, म्हणजे चांगल्या लोखंडाची आहेत. बस." पुढे सरांनी वर्गच त्यांच्या हाती दिला. मिठागरातली मुलगी म्हणून कोणी वर्गाला नाव ठेवू नये, याचा धाक त्यांनी स्वतःलाही घातला आणि पोरांनाही.

नावांवरून बोट फिरवता फिरवता त्यांचं बोट एका जागी थांबलं. हौसा २४.

आणि मग त्यांना आठवलं. चेहरा नव्हे, प्रसंग. परीक्षेचे फॉर्म भरायचा दिवस. तिसाचा वेग लागायचा. वर्गाचा निकाल दर वर्षी बाहेरच्या फळ्यावर लागायचा, आणि तो शंभर टक्के असायला हवा ही त्यांची ईर्षा. चोवीसवर अडकलेल्या एका मुलीचं नाव त्यांनी यादीतून कापलं. पुढच्या वेळी ये, म्हणाल्या. ती मुलगी पुन्हा आली नाही.

"हौसा," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुझं नाव कापलं होतं ना गो?"

केरूनं मान खाली घातली. हौसानं पाख सोडली, ती आपोआप भिंतीला टेकली.

"व्हय."

"पुढच्या वेळी का नाही आलीस?"

"बाप म्हनाला, सात महिने यष्टीनं गेलीस, बाईनं फारमसुद्धा भरू दिला नाय. बास झालं. वैशाखात लगीन लावलं. राग आला व्हता बाई. लई राग. दोन वर्सं पेणच्या बाजारात पाय ठेवला नाय मी."

चंद्रावतीबाईंना वाटलं, मागच्या गल्लीनं जाणारे आपण एकटेच नव्हतो. त्यांनी हौसाचा हात धरला. तळव्याला कामाचे घट्टे होते.

"चुकलं माझं. फळ्यावरच्या निकालासाठी मी तुझं एक वर्ष घालवलं. तीसची झाली असतीस तू. सहा शब्दांचा तर प्रश्न होता."

"झाले असते," हौसा सरळ म्हणाली. खोटी समजूत घालायचा तिचा स्वभाव नव्हता. "पन बसा तरी. तुम्हाला एक दावते."

ती आत गेली आणि कापडात बांधलेली एक जाडजूड फाइल घेऊन आली. त्यात अर्जांच्या प्रती होत्या. हातानं लिहिलेले, अक्षर गोल, समास सोडलेला, विषय मधोमध, खाली आडवी रेघ. चंद्रावतीबाईंनी पहिला कागद उचलला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...'

सुरभीनं तोंडावर हात ठेवला.

"तुमच्याकडं सात महिने तेच टाइप केलं ना," हौसा म्हणाली. "रोज अर्ज. विषय, संदर्भ, महोदय. बोटं पळत नव्हती, पन डोक्यात बसलं. लगीन होऊन आले तर इथं वाडीत पान्याची बोंब. सगळे म्हनायचे तालुक्याला जाऊन सांगू. मी म्हटलं, सांगून काय होतंय, लिवून देऊ. लिवला अर्ज. तीन अर्ज झाले, चौथ्याला नळ आला."

"मग गावाला कळलं," केरू म्हणाला. आता त्याच्या आवाजात मालकीचा रुबाब होता. "वाडीवरची शाळा, यष्टीचा थांबा, म्हाताऱ्यांच्या पेन्शनी. आजूबाजूच्या सात वाड्यांची मान्सं येतात हिच्याकडं. सायबानं एकदा विचारलं, वकील कोन तुमचा?"

"काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, बायको."

सगळीच हसली. चंद्रावतीबाई एक एक कागद बघत होत्या. एखाद्या ठिकाणी त्यांचा हात सवयीनं लाल पेन शोधत होता, पण चूक सापडत नव्हती. थांब्याच्या अर्जाला तर त्यांना स्वतःलाही सुचला नसता असा मुद्देसूद शेवट केलेला होता. त्यांनी फाइल मांडीवर बंद केली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या. आपल्या वर्गाचा निकाल म्हणून आपण फळ्यावर काय काय लिहीत आलो, आणि खरा निकाल कुठं लागत होता, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदाच दिसलं. डोळे भरून आले, पण दुःखानं नव्हे.

जेवल्याशिवाय हौसानं सोडलं नाही. कडव्या वालांचं बिरडं, तांदळाची भाकरी, भाजलेला सुका बोंबील. जेवताना सुरभीनं बिचकत बिचकत विचारलंच, "हौसाताई, प्रदर्शनापुरती ती खिडकी देता येईल का? आम्ही माणसं लावून काढू, परत बसवून देऊ."

हौसानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं घराचं आढंच मागितलं. "खिडकी काढली तर वारा कुठनं यायचा? फोटू काढून न्या पायजे तेवढे."

सुरभीनं फोटो काढले. कोरलेल्या नावांचे जवळून, एकेक ओळ स्पष्ट दिसेल असे.

घरी येऊन चंद्रावतीबाई पुन्हा लॅपटॉपसमोर बसल्या. या वेळी 'महोदय' आलं नाही. दात नसलेल्या म्हातारीपासून त्यांनी सुरुवात केली आणि 'असं सांगतात' हे शब्द मुद्दाम घातले. मग एकतीस खिडक्या आणि बत्तिसावी रंगवलेली. मग सबनीस सर, पोहेवाला, दातांचा डॉक्टर, दिनानाथची डुलकी. हौसाचं नाव कापल्याचंही त्यांनी लिहिलं. ते वाक्य तीनदा पुसलं, चौथ्यांदा ठेवलं. दिपिकानं रात्रीच्या भाकऱ्या थापायच्या आधी वाचून पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे एक पान नाही. पाच आहेत."

"तुला काय काढायचं ते काढ."

दिपिकानं पुन्हा वाचलं. "काहीच काढता येत नाही."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी प्रदर्शन उघडलं. वाचनालयाच्या लांब खोलीत भिंतभर फोटो, जुन्या पाट्या, कोणी दिलेला तराजू. पण गर्दी झाली ती खिडकीच्या फोटोंपाशी. पेणमध्ये बातमी पसरली होती की बत्तीसखिडकीतल्या पोरांची नावं सापडलीत. निवृत्त तलाठी आले, शाळेतल्या कारकून बाई आल्या, पनवेल-अलिबागहून गाड्या करून माणसं आली. जो तो चष्मा सावरून आपलं नाव शोधत होता. ज्यांना सापडलं त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. ज्यांना नाही सापडलं ते म्हणत होते, आम्ही दुसऱ्या खिडकीवर लिहिलं होतं, ती कुठं गेली? आणि लगेच आपापसांत ठरत होतं की गावोगाव चौकशी करायची.

"बाई, हे चूक आहे," एक टक्कल पडलेले गृहस्थ तक्रार घेऊन आले. हेच ते सुशील. "माझा वेग एकतीस नव्हता. अडतीस होता."

"कोरलं कोणी?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"मीच. पण नंतर वाढला ना."

"मग नंतर येऊन का नाही कोरलंस?"

पन्नाशी उलटलेल्या सुशील यांनी विद्यार्थ्यासारखी जीभ चावली. बाजूचे सगळे हसले.

दुपारनंतर हौसा आणि केरू आले. हौसानं जरीकाठाची साडी नेसली होती. चंद्रावतीबाईंनी तिला हाताला धरून सगळ्यांसमोर नेलं आणि त्यांच्या हजेरीच्या आवाजात सांगितलं, "ही हौसा. आठची बॅच. हिचा फॉर्म मी भरू दिला नव्हता, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत अर्ज हिच्याइतका चांगला कोणी लिहीत नाही." हौसानं पदर तोंडाला लावला. सातव्या मिनिटाला तिच्याभोवती तीन माणसं आपापले कागद घेऊन उभी होती. एकाची सातबाऱ्यावरची नोंद अडकली होती, एकाची वारसाची.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर वाचनालयाच्या ओट्यावर सगळे टेकले. केरूनं शेतातल्या वालाच्या शेंगा मडक्यात भाजून त्यांची पोपटी करून आणली होती. मडक्याचं तोंड उघडल्याबरोबर आतल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सगळीकडे दरवळला, आणि आत आवरत असलेली सुरभीही धावत बाहेर आली. दिनानाथ शेंगा सोलून देता देता चंद्रावतीबाईंच्या दंडाकडे निरखून बघत होता.

"हा ब्लाउज कोणी शिवला?"

"रोह्यात एकीनं."

"दिसतंच आहे. बाही खेचतेय. उद्या माप द्यायला या."

"दिनानाथभाऊ, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का अजून?"

"दोरा नातसून ओवते. शिवायचं मी शिवतो."

रोह्याची गाडी सव्वासहाला होती. सुरभी म्हणाली सोडते स्टँडवर. चंद्रावतीबाईंनी घड्याळात बघितलं, मडक्यात बघितलं. तळाशी अजून बऱ्याच शेंगा होत्या, आणि हौसा कोणाला तरी विचारत होती की अर्जावर तारीख घातलीत का. चंद्रावतीबाईंनी दिपिकाला फोन लावला.

"अगं, मी पुढच्या गाडीनं येते. हो, जेवून. नाही, नाही, मजेत आहे."

फोन पिशवीत टाकून त्यांनी पाय ओट्यावर घेतले आणि केरूपुढे ओंजळ केली.